अरण्याचा जमाखर्च
लेखांक 9 : गळलेल्या पानाची वाट

वर्षावनांतील वृक्षांची उंची आणि त्यांचा पर्णसंभार ध्यानी घेतल्यावर, एवढे वैभव जिच्यावर उभे आहे ती भूमीही तितकीच संपन्न असली पाहिजे, असे वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु व्हेनेझुएलाच्या दक्षिण भागात, रिओ नेग्रोच्या तीरी, सान कार्लोसच्या परिसरातील अरण्याची माती पाहावी, तर ती दीर्घकालीन पर्जन्याने धुऊन निघालेली, आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यांना मोताद झालेली आढळते. मग हे अरण्य जगते कशावर?

ते जगते स्वतःच्याच गळलेल्या पानांवर. पान देठापासून सुटण्यापूर्वीच वृक्ष त्यातील नत्र आणि स्फुरद यांचा मोठा हिस्सा, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, आत ओढून घेतो. ही पहिली वसुली. उरलेली द्रव्ये घेऊन पान खाली येते. अशी पाने, डहाळ्या, फुले, फळे मिळून वर्षावनात वर्षाकाठी हेक्टरी साधारण 8 ते 10 टन ऐवज भूमीवर जमा होतो, आणि वाळवी, गांडुळे, वाणी त्याचे तुकडे करीत असता, ज्या चिवट काष्ठद्रव्यापुढे बहुतेक जीव हात टेकतात ते फोडण्याचे काम मुख्यत्वे बुरशी करते. या बुरशीविषयी आपल्याकडे जितका आदर असावा तितका नाही, ही खेदाची गोष्ट होय.

मोकळी झालेली द्रव्ये पावसाने वाहून का जात नाहीत, याचा उलगडा नेली स्टार्क आणि कार्ल जॉर्डन यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने झाला. सान कार्लोसच्या अरण्यात मातीच्या वरच, कुजक्या पाचोळ्यात गुंतलेले, बारीक मुळांचे दाट जाळे असते. त्यावर त्यांनी किरणोत्सर्गी कॅल्शियम आणि स्फुरद शिंपडले, तेव्हा जाळ्यातून खाली झिरपलेला अंश 0.1 टक्क्याहून अधिक भरला नाही! अर्थात या अरण्याचा खजिना मातीत नसून सजीवांत आणि पाचोळ्यात आहे; म्हणूनच ते तोडून जाळले की राखेच्या बळावर थोडीच पिके निघतात आणि पुढे जमीन नापीक होते.

उष्ण कटिबंधातील प्रत्येक भूमी अशी दरिद्री असते असे मात्र नाही. ज्वालामुखीजन्य ताज्या मातीची गोष्ट निराळी. पण आपल्या कोकणातील जांभ्याची माती लोहाने इतकी भरलेली असते की स्फुरद तिच्यात अडकून पडते आणि मुळांना सहज लाभत नाही. अशा मातीवर आंबा-काजूच्या बागांतील पातेरा लोटून पेटविला जातो, तेव्हा त्यातील बहुतेक नत्र धुरावाटे जाते आणि राखेतील क्षारही पहिल्या जोरदार सरींबरोबर उतारावरून वाहू लागतात. बागाईतदारांना आमची कळकळीची विनंती आहे की, यंदा पातेरा जाळू नये. तो झाडांच्या आळ्यांत पसरावा आणि तेथेच कुजू द्यावा.