विश्लेषण : बारावीला तुर्की भाषा घेता येते का? लातूरच्या विद्यार्थ्यांनी आधी काय तपासावे?

‘नीट’ आणि ‘जेईई’च्या तयारीसाठी मराठवाडाभरातील विद्यार्थी लातूर गाठतात. सरकारी वैद्यकीय जागा मोजक्या आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क मोठे, त्यामुळे काही कुटुंबे परदेशाचा विचार करतात. तुर्किये हा त्यातील एक पर्याय. मग अकरावी-बारावीतच तुर्की शिकावी का? शिकली तर पदरात काय पडते?

बारावीला तुर्की हा विषय आहे का?

नाही. राज्य मंडळाच्या बारावीसाठी जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, फारसी, अरबी या भाषा आहेत, तुर्की नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरासाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन यांची उदाहरणे दिली आहेत. त्यातही तुर्की नाही. शिवाय भाषा मंडळाच्या यादीत असली, तरी ती शिकवणारा शिक्षक महाविद्यालयात असेलच असे नाही.

विज्ञान शाखेत दुसरी भाषा कशी ठरते?

इंग्रजी सक्तीची आहे. तिच्या जोडीला मराठी, हिंदीसारखी दुसरी भाषा किंवा तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञान (आयटी) घेता येते. ‘नीट’ची गुणवत्ता यादी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रावर लागते. दुसऱ्या भाषेचे गुण तिथे धरले जात नाहीत. त्यामुळे कमी वेळात चांगले गुण देणारा विषय निवडण्याकडे कल राहतो. परकीय भाषा मागे पडते ती इथेच.

मराठी मुलांना तुर्की अवघड जाते का?

वाक्यरचना ओळखीची वाटते, कारण मराठीप्रमाणे तुर्कीतही क्रियापद शेवटी येते. शब्दाला प्रत्यय जोडत अर्थ वाढवला जातो. ‘एव’ म्हणजे घर, ‘एव्लेर’ घरे, ‘एव्लेरिमिझ’ आमची घरे आणि ‘एव्लेरिमिझदे’ आमच्या घरांमध्ये. नामांना लिंग नाही. १९२८ पासून लिपी रोमन असून अक्षरे २९ आहेत. तोफ, कैची हे मूळ तुर्की शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आले. तोफची, मशालची यांतील ‘ची’ हा प्रत्ययही तुर्कीच. अवघड जातो तो स्वरांचा मेळ : शब्दातील स्वर पाहून प्रत्ययाचा स्वर बदलतो.

आधी भाषा आली नाही तर प्रवेश अडतो का?

सहसा नाही. ‘तुर्किये बुर्सलारी’ या तुर्की सरकारच्या शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, निवास, आरोग्य विमा, मासिक भत्ता आणि एक वर्षाचा भाषा अभ्यासक्रम मिळतो. पदवीसाठी वय २१ पेक्षा कमी आणि गुण किमान ७० टक्के लागतात. वैद्यकीय, दंतवैद्यकीय व औषधनिर्माणशास्त्रासाठी ९० टक्के. अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर भरावे लागतात.

डॉक्टर व्हायचे असेल तर?

खरी मेख इथे आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील वैद्यकीय पदवी भारतात ग्राह्य धरण्यासाठी शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी. ‘नीट’ची पात्रता लागतेच. त्यामुळे तुर्की माध्यमातून वैद्यकीय पदवी घेतली, तर भारतात नोंदणी अडू शकते. अंकारातील हाजेत्तेपे विद्यापीठासारख्या काही ठिकाणी इंग्रजी माध्यमाचा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे. तरी रुग्ण तुर्कीच बोलणार, त्यामुळे तिथेही भाषा लागतेच. अभियांत्रिकी किंवा इतर शाखांना माध्यमाची ही अट नाही.

राजकीय तणावाचा परिणाम होतो का?

होतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कियेने पाकिस्तानची बाजू घेतली. त्यानंतर जेएनयू, जामिया मिलिया आणि आयआयटी मुंबईने तुर्की संस्थांशी असलेले करार स्थगित केले. याउलट, २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि राज्यात जर्मनच्या प्रशिक्षणाला चालना मिळाली. परकीय भाषेची मागणी अशी देशांच्या संबंधांवर आणि नोकऱ्यांवर हलते.

मग विद्यार्थ्यांनी काय करावे?

बारावीच्या गुणांसाठी तुर्कीचा उपयोग नाही. जायचे नक्की असेल, तर परीक्षेनंतरच्या सुट्टीत लिपी, प्रत्यय आणि रोजची वाक्ये शिकून घेतल्यास भाषावर्षाचा भार हलका होतो. एजंटला पैसे देण्यापूर्वी मात्र प्रवेशपत्रावरील शिक्षणाचे माध्यम, अभ्यासक्रमाचे महिने आणि आंतरवासितेचे ठिकाण विद्यापीठाकडून लेखी घ्यावे आणि ते आयोगाच्या नियमांशी ताडून पाहावे.