कुणाचं कुणाशी जमत नाही तेव्हा

समजा, तुमच्याकडे ‘कॅटन’ आहे. क्लाउस टॉइबर यांचा १९९५ सालचा, मेंढ्या देऊन विटा घ्यायला लावणारा तो प्रसिद्ध जर्मन खेळ. मनसोक्त खेळून झाला, आता घरात कुणी त्याला हात लावत नाही. तुम्हाला हवाय ‘अझुल’. गावात एका बाईंकडे अझुल आहे आणि त्यांना तो काढायचाही आहे, पण कॅटन त्यांना नको, ‘पँडेमिक’ हवाय. पँडेमिकवाल्या गृहस्थांचा डोळा ‘विंगस्पॅन’वर. आणि विंगस्पॅन ज्या मुलाच्या कपाटात धूळ खात पडलाय, तो नेमका कॅटन शोधतोय. या चौघांतले कुठलेही दोघं समोरासमोर बसवा, सौदा होणार नाही. चौघांना एका वेळी गोलात बसवा, प्रत्येक जण मनासारखा खेळ घेऊन घरी जाईल, आणि मध्ये एक रुपयाही फिरणार नाही.

ही अडचण जुनी आहे. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ सालच्या पुस्तकात ती नीट मांडली: माझ्याकडचं तुला हवं आणि तुझ्याकडचं मला हवं, असा दुहेरी योग जुळून आला तरच देवाणघेवाण होते, आणि असा योग क्वचित येतो. म्हणून पैसा लागतो. किंवा बोहारीण लागते. जुन्या साड्या घेऊन पातेलं देणारी ती बाई साड्या नेसायला नेत नसे, त्या पुढे कुणाला खपवायच्या हे तिला ठाऊक असायचं. न जुळणारी दोन टोकं ती आपल्या डोक्यात जुळवत होती.

बोर्ड गेमच्या हौशी मंडळींनी हे डोकं संगणकाला दिलं. या प्रकाराला ते ‘मॅथ ट्रेड’ म्हणतात.

त्यांना त्याची गरज का पडली, हे त्यांचं कपाट पाहिल्यावर कळतं. जर्मनीतल्या एसेन शहरात १९८३पासून खेळांची मोठी जत्रा भरते. हल्ली तिथे एकेका वर्षी हजाराहून जास्त नवे खेळ येतात. हौशी माणूस घेत सुटतो. खोकी मोठी असतात, काही तर अवाढव्य, आणि ‘ग्लूमहेवन’ उचलताना कंबर सांभाळावी लागते. विकत घेतलेले पण अजून एकदाही न खेळलेले खेळ ज्या फळीवर साचतात, तिला हे लोक स्वतःच ‘लाजेची फळी’ म्हणतात. विकायला जावं तर भाव पडतो. बदलून घेतला तर मात्र खेळाला खेळ मिळतो, आणि शिवाय घरी ‘पैसे घातले नाहीत’ असं खरं सांगता येतं.

मॅथ ट्रेडमध्ये आधी प्रत्येकाने आपापले खेळ मांडायचे. हे मांडणंही वाचण्यासारखं असतं. विंगस्पॅन, इंग्रजी आवृत्ती, एक-दोनदाच खेळलेला, पक्ष्यांचे १७० पत्ते, सगळ्यांना स्लीव्ह घातलेले, ७५ अंडी मोजून पाहिली, खोक्याचा एक कोपरा किंचित दबलेला, फोटो जोडलाय, घरात कुणी सिगारेट ओढत नाही, मांजर नाही. लग्नाच्या स्थळाबद्दलसुद्धा इतकं प्रामाणिकपणे कुणी सांगत नाही. मग दुसरी यादी: या खेळाच्या बदल्यात इतरांनी मांडलेल्यांपैकी मी काय काय घ्यायला तयार आहे. त्यात पंचवीस नावं असोत की एकच. बस, तुमचं काम संपलं. ठरलेल्या तारखेला सगळ्या याद्या एका प्रोग्रॅममध्ये घातल्या जातात.

आता तो प्रोग्रॅम काय करतो ते पाहू. पाचशे खेळ मांडले असतील, तर कुठला कुणाकडे जाईल याच्या शक्यतांचा आकडा ११३५ अंकी होतो. एकेक तपासायची म्हटली तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. पण मला सगळ्यात गंमत वाटते ती ही की प्रोग्रॅम वर्तुळं शोधतच नाही. तो प्रत्येक खेळ दोनदा लिहितो, डावीकडे ‘जाणारा’ म्हणून आणि उजवीकडे कुणाच्या तरी ‘जागी येणारा’ म्हणून. ज्याची त्याची यादी पाहून दोन्ही बाजूंमध्ये रेघा मारतो. मग डावीकडच्या प्रत्येकाला उजवीकडचा एकच जोडीदार द्यायचा, कुणी उरायला नको. ज्या खेळाचं कुठेच जमलं नाही, त्याची जोडी स्वतःशीच लावायची, पण त्याला जबर दंड ठेवायचा. एकूण दंड कमीत कमी ठेवणारी जोडणी सापडली की त्याच जोडणीत जास्तीत जास्त खेळ हलतात.

आणि वर्तुळं? ती आपोआप पडतात. माझा खेळ ज्याच्याकडे गेला त्याचा कुणाकडे गेला, त्याचा पुढे कुणाकडे, असं बोट ठेवत गेलात की कधी तरी माझ्यापाशी परत यावंच लागतं. कारण प्रत्येक खेळ एकाच ठिकाणी जातो आणि त्याच्या जागी एकच येतो, तेव्हा धागा मध्येच सुटायला जागाच नाही. निकालात मग दोघांचं एखादं छोटं वर्तुळ निघतं आणि शेजारीच तीस-चाळीस जणांचं. त्या चाळीस जणांत कुणी कुणाला ओळखत नसतं.

हा प्रोग्रॅम लिहिला ख्रिस ओकासाकी यांनी. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत संगणकशास्त्र शिकवणारा हा माणूस, आपल्या विषयातला मान्यवर ग्रंथकार, आणि खेळांचा शौकीन. प्रोग्रॅमचं नाव ट्रेडमॅक्सिमायझर. त्यामागचा जोडणीचा प्रश्न मात्र जुना. हॅरॉल्ड कून यांनी १९५५ साली तो सोडवायची रीत छापली आणि केनिग व एगेरवारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी असल्याने तिला ‘हंगेरियन पद्धत’ असं नाव दिलं.

कून यांनी डॉक्टरेट प्रिन्स्टनला केली, १९५०मध्ये. त्याच विभागात त्याच सुमारास डेव्हिड गेल होते, जॉन नॅश होते, लॉइड शॅप्ली होते. शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९७४ साली एक निबंध लिहिला. त्यात माणसं घरं बदलून घेतात, पैसा वापरायला बंदी. त्यांनी श्रेय देऊन सांगितलेली गेल यांची रीत एखाद्या लहान मुलालाही समजेल. सगळ्यांनी आपल्याला सर्वांत आवडलेल्या घराच्या मालकाकडे बोट करायचं, स्वतःचंच आवडत असेल तर स्वतःकडे. माणसं मोजकी आहेत, तेव्हा बोटांमागून चालत गेलं की कुठे तरी आधी भेटलेला माणूस पुन्हा भेटणारच, म्हणजे वर्तुळ सापडणारच. त्या वर्तुळातल्यांनी घरं बदलून बाहेर पडायचं. उरलेल्यांनी नव्याने बोट करायचं. शेवटी अशी वाटणी होते की कुठल्याही गटाला ‘आपण वेगळे बसलो असतो तर बरं झालं असतं’ असं म्हणायची सोय राहत नाही.

दोन्ही रीतींत फरक आहे. गेल यांची रीत प्रत्येकाच्या पहिल्या पसंतीला मान देते, हौशी मंडळींचा प्रोग्रॅम जास्तीत जास्त खोकी हलवू पाहतो. म्हणून मुरलेले खेळाडू यादीत ‘चालेल’ असे खेळ घालायला कचरतात. चालेल तेच गळ्यात पडतं.

आणि या गणितज्ञांनी खेळही केले! नॅश यांनी ‘हेक्स’ स्वतंत्रपणे शोधला (पीट हाइन यांनी डेन्मार्कमध्ये तो काही वर्षं आधीच शोधला होता). गेल यांचा ‘ब्रिज-इट’ १९६०च्या सुमारास खोक्यात भरून दुकानांत विकला जात होता. शॅप्ली, नॅश आणि आणखी दोघांनी १९५०मध्ये ‘सो लाँग सकर’ नावाचा चौघांचा खेळ रचला, ज्यात जिंकायचं तर आधी कुणाशी तरी हातमिळवणी करावी लागते आणि पुढे त्यालाच दगा द्यावा लागतो.

शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तुळाची हीच कल्पना किडनीच्या अदलाबदलीला लावली. नवरा बायकोला किडनी द्यायला तयार, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या जोडप्याचीही तीच गत. तर आडवं-तिरपं द्यायचं. भारतातही २०११च्या कायदादुरुस्तीने अशी अदलाबदल मान्य केली. पण किडनीच्या बाबतीत वर्तुळ लहान ठेवावं लागतं. आपल्या बायकोला किडनी मिळाल्यावर एखादा नवरा मागे हटला तर त्याच्यावर बळजबरी करता येत नाही, म्हणून सगळ्या शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी सुरू करायच्या. तीन जोड्या म्हणजे सहा ऑपरेशन थिएटर, सहा पथकं.

इथे गणित उलटं फिरतं. दोघांचीच वर्तुळं चालतील म्हणा, प्रश्न सोपा आहे. कितीही लांब चालतील म्हणा, तोही सोपा, वर पाहिलाच. पण ‘तिघांपर्यंतच’ म्हटलं की तो संगणकशास्त्रातल्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांच्या रांगेत जाऊन बसतो, ज्यांवर सरसकट झटपट चालणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. मर्यादा नसली की वर्तुळं आपोआप पडू देता येतात. ती घातली की प्रत्येकावर नजर ठेवावी लागते. एखादं वर्तुळ चौघांचं निघालं तर ते मोडायचं कुठे आणि मोडलेले तुकडे कुणाशी जोडायचे, हा गुंता वाढतच जातो. खोक्यांना लांब वर्तुळांची चैन परवडते, कारण कुणी खेळ पाठवला नाही तर फार तर शिव्या बसतात आणि पुढच्या वेळी त्याला कुणी घेत नाही.

हौशी लोकांनी आपल्या सोयीच्या खुबीही शोधल्यात. तुम्ही तीन खेळ मांडलेत आणि अझुलच्या तीन प्रती तिघांकडून आल्यात, तर तिन्ही तुमच्याच गळ्यात पडायची भीती. मग एक खोटा खेळ मांडायचा, नुसत्या नावाचा. तुमच्या तिन्ही खेळांच्या यादीत अझुलऐवजी हा खोटा खेळ लिहायचा, आणि खोट्या खेळाच्या यादीत अझुलच्या तिन्ही प्रती. खोट्याची जोडी एकदाच लागू शकते, तेव्हा अझुल आला तर एकच येतो. प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी तो आणखी एक खेळ.

निकाल लागतो तेव्हा बदललेल्या प्रत्येक खेळामागे दोन ओळी मिळतात: तुमचा खेळ अमक्याला, तमक्याचा तुम्हाला. अमका आणि तमका बहुतेक वेळा वेगळे. एखाद्या संमेलनात सगळे जमणार असतील तर टपालखर्च वाचतो. ठरलेल्या वेळी दालनात खोकी काखेत धरून लोक एकमेकांच्या गळ्यातल्या पाट्या वाचत फिरतात. कुणी तिथेच जमिनीवर बसून अंडी मोजतं.