लहानग्यांचा मेंदू (१४) : टनब्रिजहून आलेलं पत्र

एका वाचक आजींचं पत्र आलं. त्यांचा सहा महिन्यांचा नातू झोपेतून उठला की मान पुढे टाकतो, हात फाकतो, सैल पडतो आणि काही क्षणांत पुन्हा तेच. असं ओळीने दहा-बारा वेळा होतं, मग बाळ रडतं. घरात कुणी म्हणतं दचकतोय, कुणी म्हणतं पोटात कळ येतेय. “आकडी तर अशी नसते ना?” असं त्यांनी विचारलं आहे.

अशीही असते. बाळाला आजच दाखवा, असं त्यांना त्याच दिवशी कळवलं. पण त्यांचं वर्णन वाचताना मला सारखं दुसरं एक पत्र आठवत होतं.

ते १८४१ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लिहिणारे विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधल्या टनब्रिज गावचे डॉक्टर, आणि रुग्ण त्यांचाच वर्षाच्या आतला मुलगा. चौथ्या महिन्यात मान हलकेच पुढे झुकू लागली, पुढे डोकं थेट गुडघ्यांकडे जाऊ लागलं. काही सेकंदांच्या अंतराने दहा-वीस वेळा, आणि दिवसातून दोन-तीनदा अशी रांग. जळवा लावल्या, हिरड्यांना चिरे दिले, रेचकं दिली, अफू दिली. उपयोग शून्य. वेस्ट मुलाला लंडनला घेऊन गेले. तिथे सर चार्ल्स क्लार्क यांनी या झटक्यांना ‘सलाम’ झटके म्हटलं. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनीही आयुष्यभरात असे चारच रुग्ण पाहिले होते. तेव्हा वेस्टनी आपल्या व्यवसायबंधूंना जाहीर पत्र लिहून विचारलं, कुणाला याविषयी काही ठाऊक आहे का? स्वतःच्या बाळाचा आजार इतक्या नेमकेपणाने टिपणाऱ्या त्या बापाबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे हा आजार ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

कामाला येईल असं उत्तर मिळायला ११७ वर्षं लागली. १९५२ साली गिब्ज दांपत्याने या बाळांच्या ईईजीतला (मेंदूच्या विद्युत आलेखातला) विलक्षण गोंधळ ‘हिप्सॅरिदमिया’ या नावाने नोंदवला, आणि १९५८ साली बेल्जियममध्ये सोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीटीएच या संप्रेरकाने झटके थांबतात असं दाखवलं. मग व्हिगाबॅट्रिन हे औषध आलं. ट्युबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय आजार असलेल्या बाळांत ते उत्तम चालतं, पण दृष्टीच्या कडा अधू करू शकतं. मग बाकीच्या बाळांना आधी काय द्यायचं, हा प्रश्न उरला.

माझ्या मते बालमेंदूविकार क्षेत्राची खरी कर्तबगारी इथे दिसते. दोन-अडीच हजार जन्मांमागे एका बाळाला होणारा हा आजार. एकट्या डॉक्टरच्या अनुभवावर अशा प्रश्नाचा निकाल लागत नाही, अगदी क्लार्कसारख्याच्याही नाही. म्हणून ब्रिटनमधली १५० रुग्णालयं एकत्र आली, आणि एवढ्या सगळ्यांना मिळून सापडली १०७ बाळं! रुग्णालयामागे एक बाळसुद्धा धड येत नाही. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. व्हिगाबॅट्रिन दिलेल्या ५२ पैकी २८ बाळांचे झटके दोन आठवड्यांत थांबले होते. संप्रेरक गटात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांवरच्या ३० पैकी २१ जणांचे, आणि टेट्राकोसॅक्टाइड या कृत्रिम एसीटीएचच्या इंजेक्शनांवरच्या २५ पैकी १९ जणांचे.

दोन संप्रेरकांतलं सरस कोणतं हे इतक्या लहान आकड्यांवरून ठरत नाही. पण प्रेडनिसोलोन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही स्वस्तात मिळतं, आणि महागडी इंजेक्शनं न परवडणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पुढची चाचणी पाच देशांत पसरली : १०२ रुग्णालयं, ३७७ बाळं. संप्रेरक आणि व्हिगाबॅट्रिन एकदम सुरू केलं तर ७२ टक्के बाळांचे झटके थांबले, एकट्या संप्रेरकाने ५७ टक्क्यांचे. मात्र दीड वर्षाच्या वयात मुलं तपासली, तेव्हा दोन्ही गटांच्या विकासात फरक आढळला नाही. हा निराश करणारा निकालही संशोधकांनी तितक्याच ठळकपणे छापला, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०१८ च्या नोव्हेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय बालमेंदूविकार परिषद भरली होती. अशा परिषदा भरतात त्या या संशोधकांना एकमेकांचे रुग्ण, आकडे आणि अपयशं समजावीत म्हणून.

आपल्याकडे या आजारामागे जन्मताना गुदमरणं आणि पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरणं ही कारणं ठळकपणे दिसतात. यातलं बरंच काही टाळता येण्यासारखं आहे; त्यावर एक अख्खा लेख लिहायचा आहे. दुसरं दुखणं उशिराचं. ‘दचकतोय’ म्हणत महिने जातात, आणि उपचार जितका लांबतो तितकं पुढचं शिकणं, बोलणं मागे पडतं.

म्हणून घरोघरच्या आजी, आई, मावशींना विनंती. बाळाच्या अशा हालचाली ओळीने, विशेषतः झोपेतून उठल्यावर, होत असतील तर मोबाइलवर चित्रण करा. सबंध अंग दिसू द्या, रांग संपेपर्यंत थांबा. ते चित्रण बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि झोपेतला ईईजी लागेल का, ते स्पष्ट विचारा. स्टेरॉइड सुरू झालं तर रक्तदाब आणि जंतुसंसर्गावर लक्ष ठेवायला सांगतील, ते पाळा, आणि झटके थांबले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका. तपासणी लगेच करून घ्या, पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नका.