रात्रीचं रक्त निरंक, पण जंत मेला का?

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन वस्तीत गेलं की आम्हाला हमखास ऐकू येतं, "सिस्टर, रात्री रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग गोळ्या कशाला?"

प्रश्न रास्त आहे. काचपट्टीवर दिसतात ती जंताची पिल्लं. डीईसीने ती लवकर मरतात. मोठा जंत मात्र लसिकावाहिनीत कित्येक वर्षं जगतो, आणि माणसाचं अंग उघडून तो मोजता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ उंदरांत तसलाच जंत वाढवतात, औषध देतात, मग उंदीर उघडून जंत मोजतात; रक्तातली खूण त्याच्याशी जुळते का, ते पाहतात. १९९९ मध्ये उंदरांतच दिसलं, की टेट्रासायक्लिनने जंताच्या अंगातले वोल्बाकिया जिवाणू मेले आणि जंत वांझ झाला. (उंदरांचे उपकार कोण मानतो!)

माणसांत मोठ्या जंताची खूण म्हणजे त्याचं अँटिजेन. बोटाच्या एका थेंबावर, दिवसाही, तपासणी-पट्टी ते दाखवते. ही पट्टी आपल्या वस्तीत कधी येणार, हे आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. गोळ्या जेवून, कर्मचाऱ्यासमोरच गिळा. गरोदर बाया, दोन वर्षांखालची लेकरं आणि फार आजारी माणसं यांना देऊ नका.