काट्यावरचा आकडा

प्रवरानगरच्या कारखान्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आहे. रात्रीचे साडेनऊ. थंडी अशी की चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरावासा वाटतो. काट्याच्या खिडकीवर लाल आकडे दिसतात. ट्रॉली चढते, आकडा वर सरकतो, थांबतो, पावती निघते.

आमच्या ट्रॉलीचा नंबर अजून लांब आहे. मडगार्डवर बसलेला चुलतभाऊ मोबाइल पुढे करतो. "दादा, हे बघ."

गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजावरचा व्हिडिओ. लपवून काढलेला, म्हणून हलतोय. महाराष्ट्राचा १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही, २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्याने मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची मशीनं येऊ दिली, पुढे जहाजांनाही परवानगी दिली. म्हणून आमची पोरं पणजी गाठतात. पडद्यावर ओळीने मशीनं, सगळ्यांच्या डोक्यावर एकच फलक. त्यावरचाही आकडा लाल. ३४ लाख ९८ हजार, आणि चढतोच आहे.

"सगळी मशीनं एकमेकांना जोडलेली. जॅकपॉट आता फुटायलाच आलाय. शनिवारी परत निघायचं म्हणतोय."

माझ्या पोटात गोळा येतो. मी काट्याची जुनी पावती पालथी घालतो, पेन काढतो.

"ऊसबिलातून टनामागे कपात होते ना, तसंच हे. समजा, शंभराच्या डावातला एक रुपया त्या फलकावर जातो. मालकाने सुरुवातीला १० लाख टाकले. ३५ झाले, म्हणजे वरचे २५ लाख डावांतून आले. त्याला किती रुपयांचे डाव लागले?"

तो मोबाइलवर गुणाकार करतो. २५ कोटी. पुन्हा करून बघतो. जिंकलेले पैसे लोक परत लावतात, तेही यात आले. तरी डाव तेवढ्याचे.

"पण आता फुटायला आलाय त्याचं?"

खरी गोम इथेच आहे. बहुतेक मशीनांत आतली चिप सतत आकडे काढत असते. बटण दाबलं त्या क्षणी जो आकडा हाती लागला, तोच निकाल. मागचे हजार डाव कोरडे गेले, हे तिला ठाऊकच नसतं. बक्षीस वाढतं, लागण्याची शक्यता आहे तिथेच राहते. दुसरा एक प्रकार आहे: मधला संगणक एक रक्कम आधीच गुपचूप ठरवतो, आणि ज्याच्या डावाने फलक ती ओलांडतो, त्याला बक्षीस.

"मग तसलं असलं तर?" त्याचे डोळे चमकतात.

"तर आकडा जवळ येतो, हे खरं. पण तो कुणाच्या बटणाने ओलांडला जाईल? शेजारच्या सगळ्या मशीनांवर माणसं बसलेली असतात."

"अमेरिकेत २००३ला एका पोराला जवळजवळ चार कोटी डॉलर लागले, दादा."

लागले, लास वेगासला. पण त्या नेव्हाडा राज्यात 'मेगाबक्स'ची मशीनं १९८६ पासून राज्यभर जोडलेली आहेत. गावोगावच्या हरलेल्यांनी भरलेला हौद तो. हे मी बोलतो तेव्हा तो पावतीवरच्या २५ कोटींकडे बघत असतो.

रांग सरकते. आमची ट्रॉली काट्यावर चढते. आकडा वर जातो, थांबतो. पावती तो नीट घडी करून खिशात ठेवतो.

"त्या दिवशी किती गेले रे?"

तो ट्रॉलीकडे बघतो. "ही अख्खी खेप धर."