अग्नी, आहार आणि व्याधिक्षमत्व

चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषाची साहस, संधारण, क्षय व विषमाशन ही चार कारणे वर्णिली आहेत. यांतील आहाराचे महत्त्व आधुनिक संशोधनानेही सिद्ध होत आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना तांदूळ, डाळ व सूक्ष्मपोषके दिली असता त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटले, असे 2023 साली प्रसिद्ध झाले.

यामागील कार्यकारणभाव असा : जंतूशी गाठ पडताच टी-पेशी वेगाने विभागू लागतात व त्यासाठी ग्लुकोज आणि ग्लुटामीन मोठ्या प्रमाणात वापरतात. उपासमारीत मेदातून स्रवणारे लेप्टिन घटते व या पेशी मंदावतात. जस्ताच्या अभावी थायमस ग्रंथी क्षीण होते. उलट अनियंत्रित मधुमेहात रक्तात शर्करा विपुल असूनही न्युट्रोफिलची भक्षणशक्ती उणावते. अर्थात केवळ इंधन पुरेसे नाही. धात्वग्नीही सम हवा, असे आम्ही मानतो.

नांदेड-लातूर भागात कृश रुग्ण दुकानात येऊन ‘ताकदीचे औषध’ मागतो. वैद्यबंधू व औषधविक्रेत्यांनी च्यवनप्राशाचा डबा देण्यापूर्वी त्याचे वजन करावे, भूक विचारावी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असल्यास थुंकी तपासणीस पाठवावे. निदान झाल्यास क्षयविरोधी औषधे खंडित होऊ देऊ नयेत. निक्षय पोषण योजनेचे साहाय्य नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 500 वरून 1000 रुपये झाले, हेही सांगावे. भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाणे, दूध वा अंडी अग्निबलानुसार सुचवावीत. रसायन हे अन्नाचे पूरक आहे, पर्याय नव्हे.