गप्पा मारणारे ठिपके

स्क्रीनवर पाचशे ठिपके आहेत. एक ठिपका म्हणजे एक माणूस, आणि त्याच्या पोटात एकच आकडा: दोन उच्चारांपैकी नवा तो शंभरात किती वेळा करतो. पायथनच्या थोड्या ओळींत हे बसतं. कुठलेही दोन ठिपके गाठायचे, बोलायला लावायचे, आणि जे कानी पडलं त्या दिशेनं दोघांचे आकडे केसभर सरकवायचे. मग दुसरी जोडी. असं लाखो वेळा.

नुसत्या गप्पा होऊ दिल्या तर आलेख दारुड्यासारखा झोकांड्या खात जातो. नवा उच्चार कधी चढतो, कधी विनाकारण बुडतो. मग एकच ओळ बदलायची: नवा उच्चार कानावर पडला की तो किंचित जास्त मोजायचा. तेवढ्यानं रेषा बराच काळ तळाशी रेंगाळते, झपाट्यानं उठते आणि माथ्याशी पुन्हा मंदावते. इंग्रजी ‘एस’चा हा वाक भाषाबदलांच्या जुन्या नोंदींत वारंवार सापडतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड ब्लाइद आणि भाषाशास्त्रज्ञ विल्यम क्रॉफ्ट यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की हा वाक हमखास यायचा तर नव्या रूपालाच झुकतं माप हवं.

पण आलेख जुळला म्हणून हुरळून जाऊ नये. हवा तसा वाक काढून देणारी गणितं ढिगानं मिळतात. मला अशा सिम्युलेशनची खरी किंमत वाटते ती त्याच्या नकारात: ‘एवढ्यानं हे घडणार नाही’ असं ते सांगतं तेव्हा.

न्यूझीलंडचंच घ्या. १८४० नंतर इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेल्यांच्या सरमिसळीतून जेमतेम दोन पिढ्यांत तिथली वेगळी इंग्रजी घडली. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांचं म्हणणं, यात प्रतिष्ठा, अस्मिता काही आणायला नको. ज्या उच्चाराचे लोक जास्त, तो टिकला. ब्लाइद, क्रॉफ्ट, गॅरेथ बॅक्सटर आणि अ‍ॅलन मकेन यांनी २००९ मध्ये हे गणितात घातलं. बहुसंख्येचा उच्चार जिंकण्याची शक्यता जास्त, इथवर ठीक. घोडं अडलं वेळेवर. नुसत्या गप्पांतून एकमत व्हायचा काळ वस्तीबरोबर वाढत जातो. लाखांच्या वस्तीला दोन पिढ्या कुठल्या पुरायला!

लॅपटॉपवरही ते दिसतं. पाचशेंचे पाच हजार केले, की चहा पिऊन आलं तरी रेषा मध्येच घुटमळत असते.

म्हणजे ट्रडगिल यांच्या हिशेबात काहीतरी कमी पडतं. मुलांचं चटकन उचलणं, की कुणासारखं तरी बोलावंसं वाटणं? ठिपके इथे गप्प. १९४० च्या दशकात रेडिओच्या फिरत्या गाडीनं न्यूझीलंडमधल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी तबकड्यांवर टिपून ठेवल्या होत्या. पुढचा शोध त्या आवाजांतच घ्यावा लागतो.